औषधांमुळे किडनीला होणारी इजा आणि घराण्यातली जोखीम: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

जनुकीय चाचणी करायची की नाही हे ठरवण्याआधी तीन कागद हातात हवेत: क्रिएटिनिनचे (किडनी रक्तातून बाहेर टाकते त्या टाकाऊ पदार्थाचे) जुने-नवे रिपोर्ट, घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि तीन पिढ्यांचा वंशवृक्ष. हे तिन्ही सोलापुरात बसून आठवडाभरात, फार पैसे न घालवता तयार होतात. पुष्कळ लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात. ऑनलाइन पॅकेज घेतात, जाडजूड रंगीत रिपोर्ट येतो, तो घेऊन किडनीच्या डॉक्टरांसमोर बसतात आणि डॉक्टर विचारतात, "क्रिएटिनिन किती आहे?"

घरात कुणाची किडनी एखाद्या औषधाने बिघडली असेल, किंवा किडनीला जड जाणारं औषध (प्रत्यारोपणानंतरची गोळी, कॅन्सरचं इंजेक्शन, टीबीची सुई, रोजची सांधेदुखीची गोळी) सुरू होणार असेल, तर खालच्या पायऱ्या उपयोगी पडतील. यातलं काहीही वाचून चालू औषध मनाने बंद करू नका. प्रत्यारोपणाची गोळी दोन दिवस चुकली तरी नवी किडनी धोक्यात येते.

वंशाचा संबंध येतो कुठे

किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळते आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचं परत आत घेते. त्यामुळे औषधाचा अंश किडनीच्या नळ्यांमध्ये रक्तापेक्षा कितीतरी पट दाट होतो. तिथल्या पेशींवर औषध आत ओढणारी आणि बाहेर टाकणारी वाहक प्रथिनं असतात. ती कशी बनतील हे जनुकं ठरवतात. यकृतात औषध मोडणारी एन्झाइम्सही तशीच: कुणाची वेगाने चालतात, कुणाची हळू. हळू चालली की औषध अंगात साठतं.

आणखी एक वाट आहे आणि ती नवख्यांच्या लक्षात येत नाही. औषध किडनीला हातही लावत नाही. ते लाल पेशी फोडतं किंवा स्नायू वितळवतं, आणि त्यांतून सुटलेलं हिमोग्लोबिन किंवा मायोग्लोबिन किडनीच्या नळ्यांत जाऊन घात करतं. जनुकीय चाचणीने टाळता येण्याजोगी इजा बरीचशी याच वाटेवर सापडते.

पायरी १: किडनी आज कुठे आहे ते बघा

चार गोष्टी: रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज), लघवीची साधी तपासणी आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण, ज्याला लॅबवाले एसीआर म्हणतात. क्रिएटिनिन आणि लघवी सिव्हिलमध्येही तपासून मिळते.

"नॉर्मल रेंजमध्ये आहे" यावर समाधान मानू नका. बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादेत १.२ बसतो. पण २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने २५ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर ईजीएफआर येतो सुमारे ८६, आणि ६० वर्षांच्या बाईचं १.२ असेल तर सुमारे ५२. म्हणजे एकाची किडनी ठीक, दुसरीची जवळजवळ निम्म्यावर. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे अंगाने अगदी बारीक माणसाचा आकडा चांगला दिसतो आणि फसवतो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी न अवलंबणारी रक्ततपासणी मागता येते.

तपासणीला रक्त देण्याच्या आदल्या रात्री मटण नको. शिजवलेल्या मांसाने काही तासांपुरतं क्रिएटिनिन वाढतं. जिममधली क्रिएटिन पावडर आणि तपासणीआधीचा जोरदार व्यायाम यांचंही तेच. एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी द्या. ताप किंवा पाळी चालू असताना देऊ नका. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आली तर एकदाच्या आकड्यावर न थांबता तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून खात्री करतात.

काही औषधं किडनीला इजा न करताच क्रिएटिनिन थोडं वाढवतात. ट्रायमेथोप्रिम (को-ट्रायमोक्साझोलच्या गोळीत असतं) आणि एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राव्हिर ही त्यातली नेहमीची. ही माहिती नसली की विनाकारण धावपळ होते.

पायरी २: औषधांची पिशवी

यादी आठवून लिहू नका. घरातला औषधाचा डबा, देव्हाऱ्यामागची पुडी, पर्समधली पट्टी, सगळं एका पिशवीत भरा आणि मग लिहा: नाव, ताकद, किती वेळा, कधीपासून. गेल्या तीन महिन्यांत संपलेली औषधंही घ्या. मेडिकलमधून बिलाविना घेतलेली अंगदुखीची गोळी, दवाखान्यात मारलेली दुखण्याची सुई, भस्म, काढा, वजन वाढवायची पावडर, सगळं. भस्मांत शिसं, पारा, आर्सेनिक सापडण्याचे प्रकार झालेले आहेत. सापसंद किंवा ईश्वरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेलीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते किडनी कायमची सुकवतं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सरही करतं.

यादीत एक त्रिकूट शोधा: दुखण्याची गोळी (डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे), बीपीची 'प्रिल' किंवा 'सार्टन' शेवटाची गोळी, आणि लघवी जास्त व्हायची गोळी. किडनीच्या गाळणीत रक्त आत आणणारी नळी दुखण्याच्या गोळीने आवळली जाते, बाहेर नेणारी नळी बीपीच्या गोळीने सैलावते, आणि तिसऱ्या गोळीने अंगातलं पाणीच कमी झालेलं असतं. गाळणीतला दाब कोसळतो. यात भर म्हणून सोलापूरचा एप्रिल-मे: पारा चाळिशीच्या वर आणि दिवसभर यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा शेतात घाम. आषाढीला पंढरपूरपर्यंत चालणारेही पाय दुखू नयेत म्हणून दिवसाला दोन-तीन गोळ्या घेतात. अशा वेळी किडनी बसली तर तिथे जनुकं शोधायची फारशी गरज नसते, कारण समोरच आहे. जुलाब-उलट्या लागल्या की या त्रिकुटातली कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

पायरी ३: वंशवृक्ष

कोऱ्या कागदावर आजी-आजोबांपासून सुरुवात करा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. "कुणाला किडनीचा त्रास होता का?" असं मोघम विचारलं की "नाही" असंच उत्तर येतं. असे प्रश्न विचारा:

डायलिसिसवर कोणी होतं का, आणि किती वयापासून? सोनोग्राफीत किडनीत पाण्याच्या गाठी कुणाला निघाल्या? लहान वयात पुन्हा पुन्हा मुतखडा कुणाला झाला? लघवीत रक्त आणि कमी ऐकू येणं ही जोडी कुणात आहे? एखाद्या गोळीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली आणि डोळे पिवळे पडले, असं घडलं का? जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोराची कावीळ होऊन बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं का? टीबीच्या किंवा तापाच्या सुयांनंतर कोणाला ऐकू येईनासं झालं? ऑपरेशनच्या भुलीत अंग एकाएकी तापून कुणी दगावलं का?

कोणता नातेवाईक महत्त्वाचा हे आजारावर ठरतं. किडनीतल्या गाठींचा नेहमीचा प्रकार आई किंवा बाप कुणाकडूनही येतो आणि प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी. त्यासाठी पहिली तपासणी सोनोग्राफी, जनुकीय चाचणी नव्हे. जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) याची कमतरता आईकडून मुलग्याकडे जाते, म्हणून मामा आणि मावसभावांची चौकशी करा. सुईने बहिरेपणा येण्याची प्रवृत्ती मायटोकॉन्ड्रियातून (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातून) फक्त आईकडून येते: आई, मामा, मावशी, मावशीची मुलं सगळी त्यात येतात, मामाची मुलं येत नाहीत.

आपल्या भागात मराठी, तेलुगू, कन्नड अशा अनेक घरांत आते-मामे भावंडांची लग्नं होत आली आहेत, काही घरांत मामा-भाचीचीही. अशा लग्नातल्या मुलाच्या कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता आते-मामे भावंडांत १/१६ आणि मामा-भाचीत १/८ असते. औषध हळू मोडणाऱ्या दोन्ही प्रती एकत्र येणं किंवा ऑक्झलेटचे खडे करणारा जन्मजात विकार अशा घरांत शोधावा लागतो. डॉक्टरांना हे सांगताना लाजू नका. दुहेरी रेघ नसली तर निष्कर्ष चुकतात.

पायरी ४: औषध कोणतं, त्यावर चाचणी ठरते

जनुकीय चाचणी "किडनीसाठी" अशी होत नाही, ती औषधासाठी होते. उत्तर काहीही आलं तरी डोस किंवा औषध बदलणार नसेल, तर पैसे वाचवा.

*टॅक्रोलिमस.* प्रत्यारोपणानंतरची ही गोळी किडनी वाचवते आणि पातळी वाढली तर तिलाच मारते. ती मोडायचं काम सीवायपी३ए५ हे एन्झाइम करतं. ज्यांच्यात ते चालू असतं (या जनुकाच्या दोन प्रतींपैकी निदान एक *१ प्रकारची) त्यांना नेहमीच्या डोसने पातळीच गाठत नाही. जनुकांवरून औषध आणि डोस कसा ठरवावा हे सांगणाऱ्या सीपिक या आंतरराष्ट्रीय गटाची शिफारस अशी की त्यांचा सुरुवातीचा डोस दीड ते दोन पट ठेवावा, पण दिवसाला किलोमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. दोन्ही प्रती *३ असतील तर नेहमीचाच डोस. चाचणी करायची तर प्रत्यारोपणाच्या आधी करा. नंतर पातळी मोजून डोस बसवलेला असतो आणि चाचणीचा उपयोग उरत नाही. पातळीचं रक्त सकाळची गोळी घेण्याच्या अगदी आधी द्यायचं. गोळी घेऊन गेलात तर आकडा खोटा चढा येतो आणि डोस चुकून कमी होतो. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम, पपनस आणि जुलाब यांनी पातळी वर जाते. टीबीच्या रिफॅम्पिसिनने ती खाली जाते. जनुकं बदलत नाहीत, या गोष्टी मात्र आठवड्यागणिक बदलतात.

*प्रिमाक्विन, डॅप्सोन, रासब्युरिकेज.* व्हायवॅक्स मलेरियात प्रिमाक्विन १४ दिवस देतात. कुष्ठरोगाच्या एमडीटीत (अनेक औषधांच्या एकत्र उपचारात) डॅप्सोन असतं. रासब्युरिकेज रक्ताच्या कॅन्सरमध्ये युरिक अ‍ॅसिड उतरवायला देतात. जी६पीडी कमी असलेल्यांच्या लाल पेशी या औषधांनी फुटतात आणि किडनी बंद पडू शकते. इथे महागडी डीएनए चाचणी नको, रक्तातल्या एन्झाइमचं मोजमाप पुरतं. मेख वेळेत आहे: पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर जुन्या, कमी एन्झाइमच्या पेशी संपलेल्या असतात, रक्तात नव्या कोवळ्या पेशी असतात आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. नुकतं रक्त चढवलं असेल तरी तेच. सुमारे तीन महिने थांबून पुन्हा करा. एन्झाइम नॉर्मलच्या ३० टक्क्यांच्या खाली असेल तर रोजचं प्रिमाक्विन देत नाहीत. देखरेखीखाली आठवड्यातून एकदा किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, आठ आठवडे, अशी वेगळी पद्धत आहे. रासब्युरिकेज तर अशा रुग्णाला देतच नाहीत. शिरेतून व्हिटॅमिन सीचे मोठे डोस देणाऱ्या 'ड्रिप'पासूनही अशा माणसाने लांब राहावं.

*दुखण्याच्या गोळ्या.* आयबुप्रोफेन, सेलेकॉक्सिब, मेलोक्सिकॅम, पायरॉक्सिकॅम ही सीवायपी२सी९ ने मोडतात. या एन्झाइमचा मंद *३ प्रकार भारतात दुर्मिळ नाही. दोन्ही प्रती मंद असतील तर आयबुप्रोफेन आणि सेलेकॉक्सिब सर्वांत कमी डोसच्या पाव ते अर्ध्यावर सुरू करायचं आणि पायरॉक्सिकॅम टाळायचं, अशी शिफारस आहे. डायक्लोफेनॅकसाठी मात्र या जनुकावरून डोस ठरवत नाहीत, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त खपतं तेच. त्यामुळे अधूनमधून गोळी घेणाऱ्याने ही चाचणी करण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं रोज गोळी लागणारा सांधेदुखीचा रुग्ण असेल तरच विचार करा. आणि ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर जनुकं कितीही चांगली असोत, ही गोळी नकोच.

*अमिकासिन, जेंटामायसिन.* टीबीच्या किंवा तापाच्या सुयांतली ही औषधं किडनी आणि कान दोन्ही बिघडवतात, आणि गोंधळ इथेच होतो. आईकडून येणाऱ्या एमटी-आरएनआर१ या जनुकाची चाचणी (त्यातला १५५५ क्रमांकाचा बदल सर्वांत ओळखीचा) कानासाठी आहे. ती निगेटिव्ह आली म्हणून किडनी सुरक्षित ठरत नाही. किडनीसाठी डोस, दिवसांची संख्या आणि पातळी बघायची. इजा साधारण पाच-सात दिवसांनंतर दिसते आणि लघवी भरपूर होत असतानाच क्रिएटिनिन चढतं, म्हणून "लघवी होतेय ना" यावर विसंबू नका.

*सिस्प्लॅटिन, टेनोफोव्हिर.* पहिलं कॅन्सरचं, दुसरं एचआयव्हीवरचं औषध. यांच्या वाहक प्रथिनांवर (एसएलसी२२ए२, एबीसीसी२) बरंच संशोधन झालं आहे, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यावरून कोणी डोस ठरवत नाही. पॅकेजमध्ये ही जनुकं हमखास असतात. तिथल्या लाल-हिरव्या खुणांना महत्त्व देऊ नका. सिस्प्लॅटिनला सलाईन आणि मॅग्नेशियम नीट मिळतंय का हे बघा. टेनोफोव्हिरवर असताना रक्तातली साखर ठीक असून लघवीत साखर आली, किंवा रक्तातलं फॉस्फेट उतरलं, तर नळ्यांना इजा सुरू झाली असं समजून लगेच एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या उपचाराच्या सरकारी केंद्रात) दाखवा.

*अ‍ॅलोप्युरिनॉल.* युरिक अ‍ॅसिड उतरवायची ही गोळी. एचएलए-बी*५८:०१ हा जनुकाचा प्रकार असेल तर कातडी सोलून निघणारी, किडनी-यकृतापर्यंत जाणारी भयंकर प्रतिक्रिया येऊ शकते. किडनी आधीच अधू असेल तर धोका वाढतो. हा प्रकार चिनी, थाई लोकांत अधिक आहे, भारतीयांत कमी, पण आहे. युरिक अ‍ॅसिड जरासं वाढलं, त्रास काहीच नाही, तरी गोळी सुरू होते. तिथे चाचणीपेक्षा "ही गोळी खरंच हवी का?" हा प्रश्न मोलाचा.

कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन गोळी घेणाऱ्यांत एसएलसीओ१बी१ या जनुकात बदल असेल तर स्नायू वितळण्याचा धोका वाढतो. कमी डोस किंवा दुसरी स्टॅटिन, एवढाच उपाय. एपीओएल१ या किडनीच्या आजाराशी जोडलेल्या जनुकाचं नावही रिपोर्टमध्ये दिसेल. त्यातले धोक्याचे प्रकार पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतात, सोलापूरच्या घरात त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

पायरी ५: नमुना

डीएनएसाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २ ते ४ मिली रक्त लागतं. उपाशी राहायची गरज नाही. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी चालत नाही, कारण हेपॅरिन पीसीआर (लॅबमध्ये डीएनएच्या प्रती काढायची क्रिया) अडवतं. रक्त नळीत पडल्यावर ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी करावी लागते, नाहीतर गुठळी होऊन नमुना परत येतो. गालाच्या आतून काडीने नमुना घेणार असतील तर आधी अर्धा तास खाणं, चहा, तंबाखू, मावा, मिश्री काही नको, तोंड पाण्याने धुऊन घ्या. नमुना बहुतेक वेळा पुणे-मुंबई-हैदराबादकडे जातो, तेव्हा मे महिन्यात शनिवारी दुपारी देऊ नका.

बोनमॅरो प्रत्यारोपण झालं असेल तर रक्तात दात्याचा डीएनए असतो, हे लॅबला आधी सांगा. किडनी प्रत्यारोपणात रक्त रुग्णाचंच राहतं, बसवलेली किडनी मात्र दात्याची जनुकं घेऊन आलेली असते.

पायरी ६: रिपोर्ट वाचताना

"नॉट डिटेक्टेड" म्हणजे लॅबने शोधलेले बदल सापडले नाहीत, एवढंच. कोणते बदल शोधले त्याची यादी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते, ती आधी वाचा. प्रत्येक जनुकासमोर सीपिकची अ, ब, क, ड श्रेणी दिली आहे का पाहा. 'अ' म्हणजे औषध किंवा डोस बदलण्याइतका भक्कम पुरावा. 'क' आणि 'ड' श्रेणीवरून कुणी औषध बदला म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. रिपोर्टमध्ये "अनिश्चित अर्थाचा बदल" असं लिहिलं असेल तर त्यावर सध्या काहीही करायचं नसतं.

पायरी ७: औषध सुरू झाल्यावर

आधीचा क्रिएटिनिनचा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. ४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा सात दिवसांत दीडपट, म्हणजे किडनीला तातडीची इजा. ०.८ चं १.२ झालं तरी छापील मर्यादेत असतं म्हणून ते नजरेतून सुटतं. सहा तास लघवी किलोमागे ताशी अर्ध्या मिलीहून कमी होणं हीसुद्धा तीच खूण. ६० किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिलीपेक्षा कमी. खुणा असलेली जुनी सलाईनची बाटली मोजायला पुरते. अमिकासिनसारख्या सुया चालू असताना दोन-तीन दिवसांनी, बीपीची 'प्रिल' किंवा 'सार्टन' गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन बघतात. या बीपीच्या गोळ्यांनी ३० टक्क्यांपर्यंत वाढ झाली तर ती चालते, घाबरून गोळी सोडू नये.

काही सापडलंच तर पाकिटात मावेल असं कार्ड करा: नाव, रक्तगट, जनुक आणि त्याचा निकाल रिपोर्टमध्ये आहे तसाच, टाळायच्या औषधांची मूळ नावं (कंपनीची नव्हे, ती बदलतात), शेवटचं क्रिएटिनिन आणि त्याची तारीख. ते मेडिकलवाल्यालाही दाखवा, कारण अंगदुखीची गोळी बहुतेकदा तिथूनच येते. सख्ख्या भावंडांना रिपोर्टची प्रत द्या. जी६पीडी निघालं तर बहिणींच्या मुलग्यांची आधी तपासणी करा, आणि एमटी-आरएनआर१ निघालं तर आईकडच्या बायकांना कळवा, मग त्या लग्न होऊन विजापूरला असोत की गुलबर्ग्याला.